काळ्या कोटाच्या आधीचे कागद

यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या घरात रोख पैसा येतो तो दसऱ्यानंतर. पऱ्हाटीवरची बोंडं फुटतात, सीतादही होते, वेचणी लागते आणि पहिला कापूस जिनिंगवर गेला की घरात नोटा दिसू लागतात. जून ते सप्टेंबर हे महिने त्याच्या उलट असतात. बियाणं, खत, निंदण, फवारणी यांत घरातला शेवटचा रुपया वावरात गेलेला असतो आणि पुढचा अजून झाडावरही लागलेला नसतो. विधी महाविद्यालयांच्या प्रवेशफेऱ्या साधारण याच काळात चालतात. झरी-जामणीची असो की उमरखेडची, एखाद्या मुलीचं नाव यादीत लागतं, फी भरायला मोजके दिवस मिळतात, आणि तेव्हाच घरात काही नसतं.

वकिलीच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या मदतीचा विचार या वेळापत्रकापासून सुरू करावा लागतो. योजना बऱ्याच आहेत, त्यातल्या काही चांगल्या भक्कम आहेत. तरीही गरीब घरातली मुलं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, कारण मदत मागायला लागणारे कागद प्रवेशाच्या कितीतरी आधी तयार ठेवावे लागतात आणि मंजूर झालेला पैसा प्रवेशाच्या कितीतरी नंतर येतो. मधल्या महिन्यांत घर कसं तगणार, हे आधी ठरवलेलं असेल तरच शिक्षण पुढे सरकतं.

हा जिल्हा वकिलांना नवखा नाही. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे आधी अमरावतीच्या एका शाळेत शिक्षक होते. मग कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९४० साली नागपुरात एलएल.बी. झाले. बंजारा तांड्यातून आलेला हा मुलगा पुसदच्या कोर्टात उभा राहिला आणि पुढे ११ वर्षांहून अधिक काळ राज्याचा मुख्यमंत्री होता. त्या पिढीला शिकायचं तर घरची जमीन, एखादा दानशूर किंवा संस्थानिक एवढेच आधार होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण तर प्रत्येक अर्जदाराने माहीत करून घ्यावं असं आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. १९१६ साली लंडनला येऊन त्यांनी बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून काटकसरीने साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, एवढं सगळं जुळवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन आल्यावर सनद काढायलाही हातात पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच धावून आले. शिष्यवृत्ती मधेच तुटणं, नोकरी करून पुन्हा उभं राहणं, थोडं अनुदान आणि थोडं कर्ज यांची जोड घालणं, आणि पदवी मिळाल्यावरही शेवटचा खर्च अडणं: आजच्या विद्यार्थ्याची प्रत्येक अडचण त्या प्रवासात आहे.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ती योजना आजही चालू आहे आणि राज्यातल्या लोकांच्या तोंडी तिचं नाव ‘जीओआय’ असं आहे. आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची ‘ईबीसी’ सवलत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आली. राजाच्या मर्जीवर किंवा मित्राच्या मोठेपणावर अवलंबून असलेली मदत या दोन योजनांमुळे हक्काची झाली. म्हणून फॉर्म भरताना कुणासमोर हात पसरल्याची भावना मनात आणू नये. हा आपल्या आधीच्या पिढ्यांनी मिळवून ठेवलेला हक्क आहे.

आता आजच्या मदतीकडे वळू. राज्यातल्या शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरला जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी आणि निर्वाह भत्ता असं दोन्ही मिळतं. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर ‘फ्रीशिप’खाली शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, भत्ता मिळत नाही. जिल्ह्यातल्या गोंड, कोलाम, परधान, आंध या जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची अशीच योजना आहे आणि तिचीही उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये मोडतो. शेजारच्या तेलंगणात तो अनुसूचित जमातींत आहे, म्हणून सीमेकडच्या तांड्यांत नातेवाइकांच्या सांगण्यावरून चुकीचा प्रवर्ग भरला जाण्याचा धोका असतो. प्रमाणपत्रावर जे लिहिलं आहे तेच भरावं. कुणबी, माळी, तेली अशा इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलांना फीची निम्मी सवलत मिळते. खुल्या प्रवर्गात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तीतही निम्मी फी मिळते आणि एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ घेता येतो.

मुलींच्या बाबतीत चित्र अलीकडे पालटलं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेला कायद्याचा प्रवेश यात येतो. दिग्रस किंवा दारव्ह्याच्या कुणबी घरातली मुलगी आज तिच्या भावापेक्षा स्वस्तात वकील होऊ शकते. ही गोष्ट गावागावांत सांगायला हवी, कारण पैशाचं कारण पुढे करून आधी मुलीचंच शिक्षण थांबवलं जातं.

केंद्रीभूत प्रक्रिया, म्हणजे सगळे ज्याला ‘कॅप’ म्हणतात ती, हा या सगळ्याचा कणा आहे. सीईटी द्यायची, कॅपमध्ये नोंदणी करायची, पसंतीक्रम भरायचा आणि त्यातून मिळालेली जागा घ्यायची. संस्थेच्या स्तरावरची, बोलीभाषेत मॅनेजमेंट कोट्याची, जागा घेतली की यातल्या बहुतेक योजनांचं दार बंद होतं. दर वर्षी काही पालक ‘सीट तरी मिळाली’ म्हणून मोठी रक्कम भरतात आणि शिष्यवृत्ती लागू नाही हे नंतर कळतं. एक फेरी थांबावं लागलं तरी चालेल, कॅपच्या बाहेर जाण्याची घाई करू नये. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी किती असावी हे २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर फीपेक्षा जास्त मागणी झाली तर पावती मागावी आणि तक्रार करावी.

फी हा खर्चाचा एक भाग झाला. यवतमाळला अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे, अमरावतीला पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय, नागपूरला विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय. पण महागाव किंवा मारेगावहून रोज ये-जा करून कायदा शिकता येत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ७० टक्के हजेरी लागते आणि बाहेरून किंवा पत्राद्वारे मिळवलेल्या पदवीवर सनद मिळत नाही. म्हणजे पूर्ण वेळ नोकरी करत शिकणं अवघड, आणि राहणं-जेवणं हाच मोठा खर्च. माझ्या मते इथे मिळणारी मदत फीमाफीपेक्षाही जास्त मोलाची आहे, आणि लोकांना ती सगळ्यात कमी माहीत आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. योजना आली तेव्हा ठरलेली रक्कम नागपूरसारख्या मोठ्या शहरात ६० हजार, अमरावतीसारख्या विभागीय ठिकाणी ५१ हजार आणि इतर जिल्हा ठिकाणी ४३ हजार अशी होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना याच धर्तीवर चालते आणि तिचं काम पांढरकवडा व पुसद इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडे आहे. इतर मागास, विमुक्त आणि भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजना वसतिगृहाच्या अर्जाशी जोडलेल्या आहेत. आधी वसतिगृहासाठी अर्ज, जागा न मिळाल्याची नोंद, मग ही रक्कम, असा क्रम आहे. ‘मला वसतिगृहात राहायचंच नाही’ म्हणून जो वसतिगृहाचा अर्जच करत नाही, तो पुढच्या लाभाचीही वाट स्वतःच अडवतो.

पापळच्या शेतकरी घरातून जाऊन बॅरिस्टर झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी यांच्या मुलांसाठी आहे. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन. ही अट विदर्भावर अन्याय करणारी आहे असं मला वाटतं. ओलिताखालची दोन हेक्टर आणि घाटंजी-राळेगावकडची कोरडवाहू तीन हेक्टर यांची तुलना होऊच शकत नाही. कोरडवाहू कास्तकाराकडे जमीन जास्त दिसते, उत्पन्न मात्र पावसावर असतं. २००८ च्या कर्जमाफीत याच दोन हेक्टरांच्या रेषेने विदर्भातल्या असंख्य शेतकऱ्यांना बाहेर ठेवलं होतं आणि त्यावर मोठी ओरडही झाली होती. तीच रेषा मुलांच्या जेवणाच्या भत्त्यापर्यंत आणायला नको होती. ती बदलेपर्यंत एवढंच करता येतं, की सातबारावर वाटणी झालेली असेल तर ती नोंद प्रवेशाआधी फेरफारात आणून घ्यावी.

आता कागदांकडे येऊ. जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर, अधिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, शिक्षणात खंड असेल तर त्याचं शपथपत्र, कॅपचं अलॉटमेंट पत्र, फीची पावती. यातला सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर काम सोपं होतं. नसेल तर आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद, जुना महसुली कागद, कोतवाल पंजी शोधत फिरावं लागतं. घरातला पहिलाच शिकणारा मुलगा असेल तर वडिलांकडे शाळेचा दाखलाच नसतो. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीतच टाकावा. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जाणाऱ्याने पदवीच्या दुसऱ्या वर्षाला टाकावा.

उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो, म्हणून तो एप्रिल उजाडला की नवा काढून घ्यावा. जुलैमध्ये सेतू केंद्रात रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो. अर्जाची पोचपावती जपून ठेवावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली हे दाखले मुदतीत देणं बंधनकारक आहे आणि मुदत टळली तर अपील करता येतं. वकील व्हायला निघालेल्या मुलाने आयुष्यातलं पहिलं अपील स्वतःच्या दाखल्यासाठी करायला काहीच हरकत नाही.

मग बँक खातं. महाडीबीटीचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यात जातो, आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर ज्याची जोडणी शेवटी झाली त्या खात्यात. कधी एखाद्या शिबिरात उघडलेल्या, विसरून गेलेल्या खात्यात हप्ता पडून राहतो आणि विद्यार्थी ‘शिष्यवृत्ती आलीच नाही’ म्हणत बसतो. अर्जाआधी बँकेत जाऊन आधार जोडणी कुठे आहे हे विचारून घ्यावं. आधारवरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच असावं.

अर्ज सादर केला म्हणजे काम झालं असं समजू नये. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग संबंधित विभागाच्या. कुठेही त्रुटी निघाली तर अर्ज ‘सेंड बॅक’ होतो आणि दुरुस्त करून परत पाठवायला थोडेच दिवस असतात. आठवड्यातून एकदा लॉगिन करून पाहणं हा नियम ठेवावा. हा अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो आणि दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण विसरल्याने बंद पडलेल्या शिष्यवृत्त्या कमी नाहीत.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. २०२१ पासून राज्याचा ४० टक्के हिस्सा आणि केंद्राचा ६० टक्के हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात वेगवेगळा येतो. त्यातली फीची रक्कम विद्यार्थ्याने सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. पहिला हप्ता आला, घरात फवारणीचं देणं होतं, ते भागवलं, आणि मग महाविद्यालयाने परीक्षेचा फॉर्म अडवला, अशी गाठ पडू शकते. घरच्यांना आधीच सांगून ठेवावं की खात्यात आलेल्या पैशातला मोठा वाटा फीचा आहे.

कर्जाबद्दल मी सावध आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या (सुरुवातीला ८६०) संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळतं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी आहे आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट आहे. नागपूर, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत फी लाखांत असते, तिथे अशा कर्जाचा विचार करता येतो. पण जिल्हा न्यायालयात वकिली करायची असेल तर पहिल्या काही वर्षांची कमाई फार थोडी असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना ग्रामीण भागात किमान १५ हजार आणि शहरात २० हजार विद्यावेतन द्यावं असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्याच्या मानेवर मोठा हप्ता नको.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा विचार करणाऱ्यांना ‘क्लॅट’ या प्रवेशपरीक्षेच्या अर्जाच्या हजारो रुपयांपासूनच अडचण येते. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० साली सुरू केलेली ‘इडिया’ ही संस्था वंचित घरांतल्या मुलांना याच परीक्षेसाठी तयार करते आणि प्रवेशानंतरही पाठीशी राहते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्तीही आहे. आणि यवतमाळकरांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, घरातल्या पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांना देशातल्या नामांकित संस्थांपर्यंत नेणारं ‘एकलव्य’ हे काम राजू केंद्रे यांनी २०१७ साली यवतमाळमधूनच सुरू केलं. केंद्रे स्वतः पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकले. अर्ज कसा लिहावा, स्वतःबद्दल काय सांगावं, हे शिकवणारं कुणी जवळ असलं की खेड्यातला मुलगा शहरातल्या मुलाइतकाच पुढे जातो, हे त्या कामातून दिसलं आहे.

पदवीनंतरच्या खर्चाबाबत एक मोठा दिलासा आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वकील म्हणून नोंदणीसाठी १९६१ च्या कायद्यात लिहिल्याहून जास्त शुल्क घेता येणार नाही. खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्याआधी राज्याराज्यांच्या बार कौन्सिल हजारोंच्या घरात रक्कम घेत होत्या. अशी रक्कम कुणी मागितलीच, तर या निकालाचा हवाला द्यावा.

या जिल्ह्याला इथलेच वकील का हवेत, हे २०१७ साली सगळ्या देशाने पाहिलं. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यातल्या काहींची दाद पुढे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयापर्यंत गेली. वनहक्काचे दावे, शेतकरी विधवांच्या नावावर न झालेल्या जमिनी, पीकविम्याचे नाकारलेले अर्ज ही रोजची कामं आहेत, आणि ती करायला कोलामी, गोंडी, बंजारा बोली समजणारा माणूस लागतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि गरिबांना मोफत विधी सहाय्याचा हक्क दिला आहे, पण तो हक्क बजावणारा वकील त्याच मातीतून यावा लागतो.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका वकील संघाला एक विनंती आहे. एप्रिल-मे महिन्यांतला एक शनिवार ठरवा, सीईटी देणाऱ्या मुलांना बार रूममध्ये बोलवा, सोबत सेतू केंद्राचा एक माणूस आणि महाविद्यालयाचा एक लिपिक बसवा, आणि त्या दिवशी त्यांचे उत्पन्नाच्या दाखल्याचे व जात वैधतेचे अर्ज भरून घ्या. पेरणी सुरू झाल्यावर त्या घरांना यासाठी ना वेळ असतो, ना पैसा.